एका सुईत एक महिना : विरघळणाऱ्या सूक्ष्मगोलांचा इतिहास (थ्रेड)

१/
जून २००४. जेनेन्टेक आणि अल्कर्मीज या दोन अमेरिकी कंपन्यांनी आपले एक औषध यापुढे बनवणार नसल्याचे जाहीर केले. त्याचे नाव न्यूट्रोपिन डेपो. वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असलेल्या मुलांना एरवी जे इंजेक्शन रोज घ्यावे लागे, ते या औषधामुळे महिन्यातून एकदा किंवा दोनदा घेतले की पुरे. औषध काम करत होते, सरकारी मान्यताही होती. तरीही साडेचार वर्षांत ते संपले. असे का झाले, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

२/
सुरुवात टोरांटोतून. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. मृत्यूच्या दारातून मुले परत येऊ लागली. मात्र एक अट कायम राहिली. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोळी करून गिळले, तर पोटातील विकरे ते डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनाप्रमाणेच पचवून टाकतात. म्हणून सुई अटळ, आणि तीही दिवसातून अनेकदा. जीव वाचला, पण आयुष्य सुईला बांधले गेले.

३/
सुयांची संख्या कमी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न डेन्मार्कमध्ये झाला. हान्स क्रिस्टियन हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये इन्सुलिनला माशांच्या वीर्यातून मिळणाऱ्या प्रोटामिन या प्रथिनाची जोड दिली. हे मिश्रण त्वचेखाली सहज विरघळत नसे, त्यामुळे इन्सुलिन सावकाश रक्तात उतरे. १९४६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. ‘एनपीएच’ या नावातील ‘एच’ म्हणजे हागेडॉर्नच. पण यातून मिळाले काही तास, फार तर एक दिवस. महिनाभर पुरेल अशी शिदोरी शरीरात ठेवायची, तर त्यासाठी एक डबा हवा होता. आणि काम संपल्यावर तो डबाही नाहीसा व्हायला हवा होता.

४/
त्या डब्याचे साहित्य प्रयोगशाळेत आधीच तयार झाले होते, फक्त ते कोणाच्या कामाचे नव्हते. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत लॅक्टिक आम्लाचे रेणू जोडून पॉलिमर बनवला होता. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल. पण हा पॉलिमर दुबळा होता आणि ओलाव्याने तुटत असे. कापड किंवा भांडी बनवणाऱ्यांच्या दृष्टीने पाण्यात तुटणारे प्लॅस्टिक म्हणजे टाकाऊ माल. या दोषाचा गुण व्हायला तीस वर्षे जावी लागली.

५/
तो गुण शल्यचिकित्सकांनी ओळखला. शरीराच्या आतले टाके काढायला पुन्हा चिरफाड करावी लागू नये, म्हणून ते जनावरांच्या आतड्यापासून केलेला कॅटगट वापरत. कॅटगट विरघळे, पण किती दिवसांत, याची खात्री नसे. १९६६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधकांनी एका शल्यचिकित्सा नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. विषय होता शस्त्रक्रियेतील रोपणासाठी पॉलिलॅक्टिक आम्ल. लेखकांच्या यादीतले पहिले नाव होते आर. के. कुलकर्णी. मराठी वाचकाला ओळखीचे वाटणारे हे आडनाव या क्षेत्राच्या पायाभूत निबंधावर कायमचे कोरले गेले आहे. हा पदार्थ प्राण्यांच्या शरीरात उपद्रव न करता हळूहळू नाहीसा होतो, असे त्या निबंधाने दाखवले.

६/
पुढची पावले झपाट्याने पडली. १९६७ मध्ये अमेरिकन सायनामिड कंपनीच्या श्मिट आणि पोलिस्टिना यांना पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या टाक्यांचे पेटंट मिळाले. १९७० च्या सुमारास ‘डेक्सॉन’ हा धागा बाजारात आला आणि १९७४ मध्ये ग्लायकोलिक व लॅक्टिक आम्लांच्या मिश्र पॉलिमरचा ‘व्हिक्रिल’. हा मिश्र पॉलिमर संक्षेपाने पीएलजीए म्हणून ओळखला जातो. पाणी त्याच्या साखळ्या तोडते, उरलेली आम्ले शरीर आपल्या नेहमीच्या चयापचयात वापरून टाकते आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड व पाणी शिल्लक राहते. लॅक्टिकचे प्रमाण वाढवले की विघटन मंदावते. मग टाका किती दिवसांत विरघळावा, हे ठरवणे माणसाच्या हाती आले.

७/
डबा असा तयार झाला. पण त्यात प्रथिन ठेवता येईल का? हा प्रश्न वेगळ्याच दारातून आला. बोस्टनचे शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले, की कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते आणि त्या थांबवल्या तर गाठही थांबेल. अनेकांना ही कल्पना पटली नाही. ती सिद्ध करायची, तर रक्तवाहिन्यांना रोखणारे द्रव्य सशाच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलात ठेवून, ते कित्येक दिवस थेंबाथेंबाने झिरपत ठेवणे आवश्यक होते. सिलिकॉन रबरातून औषध झिरपते, हे फोकमन यांनी १९६४ मध्ये दाखवले होते. पण ती औषधे लहान रेणूंची होती. प्रथिने त्यांच्या मानाने राक्षसी.

८/
१९७४ मध्ये फोकमन यांच्याकडे रॉबर्ट लँगर हा तरुण रासायनिक अभियंता आला. पेट्रोल कंपन्यांच्या नोकऱ्या सोडून रुग्णालयातील प्रयोगशाळा निवडणारा अभियंता त्या काळी दुर्मीळच. काही शेकड्यांहून अधिक रेणुभार असलेले रेणू पॉलिमरमधून हळूहळू सोडता येत नाहीत, असे तेव्हा मानले जाई. दगडी भिंतीतून हत्ती कसा जाणार? लँगर यांचे असंख्य प्रयत्न फसले. अखेर त्यांनी पॉलिमर विद्रावकात विरघळवला, त्यात प्रथिनाची भुकटी मिसळली आणि विद्रावक उडून जाऊ दिला. भुकटीच्या कणांच्या जागी वेड्यावाकड्या बोळांचे जाळे तयार झाले. त्या बोळांतून वाट काढता काढता प्रथिनाला कित्येक आठवडे लागत.

९/
१९७६ मध्ये लँगर आणि फोकमन यांचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर दिवसांपर्यंत प्रथिन झिरपत राहू शकते, हे त्यात दिसले. तरीही जाणकारांचा विश्वास बसला नाही आणि लँगर यांचे संशोधन-अनुदानाचे अर्ज एकामागून एक नाकारले गेले. या प्रयोगात एक उणीव मात्र खरोखरच होती. त्यातला मुख्य पॉलिमर शरीरात विरघळणारा नव्हता. प्रयोगासाठी तो उत्तम होता. पण दरमहा रुग्णाच्या शरीरात एक न विरघळणारा तुकडा सोडणे कोणालाच मान्य झाले नसते. आता टाक्यांचा धागा आणि लँगर यांची बोळे एकत्र आणायची होती.

१०/
ती जोडणी जपानमध्ये झाली, आणि तिच्यामागे मेंदूतील एक चिमुकले संप्रेरक होते. १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ यांच्या गटांनी जीएनआरएच या संप्रेरकाची रचना उलगडली. १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हे संप्रेरक अधूनमधून मिळाले, तर शरीर लैंगिक संप्रेरके बनवते. सलग मिळत राहिले, तर उलट ती बनणे थांबते. टेस्टोस्टेरॉनवर पोसणाऱ्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर हा उपाय लागू पडला. त्यासाठी याच्याच धर्तीवर ल्यूप्रोलाइड हा नऊ अमिनो आम्लांचा रेणू बनवण्यात आला. सातत्य हेच या औषधाचे बळ. त्यामुळे ते रोज टोचावे लागे.

११/
ओसाकाच्या ताकेदा कंपनीतील ओगावा, ओकादा आणि सहकाऱ्यांपुढे अडचण अशी, की ल्यूप्रोलाइड पाण्यात विरघळते, तर पीएलजीए डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात. दोघांचे जमेना. उपाय दुहेरी पायसाचा निघाला. औषधाचे पाणी पॉलिमरच्या द्रावणात घालून जोरात घुसळायचे. पाण्याचे बारीक थेंब त्यात अडकतात. मग हे सारे पुन्हा पाण्यात ओतून ढवळायचे. आता प्रत्येक मोठ्या थेंबात छोटे थेंब असतात. द्रावक उडून गेला की थेंबांचे घट्ट गोळे होतात. ते धुऊन, गोठवून, वाळवले की पांढरी भुकटी हाती येते. तिचा प्रत्येक कण म्हणजे मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा गोल. साध्या सुईतून सहज जाणारा.

१२/
याच वर्गातील ट्रिप्टोरेलिन या औषधाचे सूक्ष्मगोल १९८६ मध्ये युरोपात आले होते. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेने ल्युप्रॉन डेपोला मान्यता दिली. वर्षाला तीनशे पासष्ट सुयांच्या जागी बारा. प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांना, पुढे एंडोमेट्रिऑसिसच्या स्त्रियांना आणि अकाली वयात येणाऱ्या मुलांनाही त्याचा लाभ झाला. कुलकर्णींचा निबंध, टाक्यांचा धागा आणि बोस्टनचा प्रयोग यांचे फळ एका कुपीत उतरले. या यशामुळे एक समज पक्का झाला : ल्यूप्रोलाइड जमले, आता बाकीची प्रथिनेही याच डब्यात भरायची. पुढच्या साऱ्या घडामोडी या समजुतीतून घडल्या.

१३/
समजुतीतली चूक सूक्ष्म होती. ल्यूप्रोलाइड हे पूर्ण अर्थाने प्रथिन नव्हे. ती नऊ मण्यांची छोटी माळ आहे. ताणली, वाकवली, तरी तिचे फारसे बिघडत नाही. वाढीच्या संप्रेरकात १९१ मणी असतात आणि ती माळ एका ठरावीक घडीत दुमडलेली असते. घडी हीच तिची ओळख. घडी मोडली, तर मणी तेच राहतात, पण शरीर त्या रेणूला ओळखत नाही. अंड्याचा पांढरा बलक उकडला की घट्ट होतो. निवला तरी पुन्हा पातळ होत नाही. मोडलेल्या प्रथिनाचे साधारण असेच होते.

१४/
वाढीच्या संप्रेरकासाठी हा खटाटोप का, हे त्याच्या इतिहासावरून कळते. १९५८ मध्ये मॉरिस राबेन यांनी मृत माणसांच्या पीयूषिका ग्रंथीतून काढलेले संप्रेरक एका रुग्णाला देऊन त्याची उंची वाढवली. पुढची सत्तावीस वर्षे हाच मार्ग होता. १९८५ मध्ये, लहानपणी हे उपचार घेतलेले काही तरुण क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने मरण पावल्याचे उघड झाले. संसर्ग त्या ग्रंथींमधून आला होता. अमेरिकेत तो पुरवठा थांबला आणि त्याच वर्षी जेनेन्टेकचे, जीवाणूंकडून बनवून घेतलेले संप्रेरक मान्य झाले. औषध सुरक्षित झाले, मुबलकही झाले. राहिली ती रोजची सुई, आणि तीही बालपणभर.

१५/
ल्यूप्रोलाइडची कृती वाढीच्या संप्रेरकाला लावून पाहिली, तेव्हा डबा बनवण्याची क्रियाच आतल्या वस्तूला इजा करते, हे दिसले. अंड्याचा बलक फेटला की फेस होतो, कारण हवा आणि पाणी यांच्या सीमेवर प्रथिने पसरून उलगडतात. पायस घुसळताना पाणी आणि द्रावक यांच्यामध्ये अशी सीमा प्रचंड प्रमाणात तयार होते. संप्रेरक तिथे जाऊन मोडते आणि गुठळ्या होतात. हा पहिला आघात. दुसरा वाळवताना, कारण प्रथिनाभोवतीचे आधाराचे पाणी निघून जाते. तिसरा सर्वांत उशिरा, रुग्णाच्या शरीरात.

१६/
तिसरा आघात खुद्द पॉलिमरच्या गुणातून येतो. पीएलजीए विरघळतो म्हणजे आम्लात रूपांतरित होतो. गोलाच्या पृष्ठभागावरचे आम्ल वाहून जाते. गाभ्यातले साचत राहते. शरीराच्या उष्णतेत, ओलसर आणि आंबट कोठडीत प्रथिनाला आठवडे काढावे लागतात. दुधात लिंबू पिळल्यावर जे होते, तसेच काहीसे तिथे घडते. परिणामी, पहिल्या एकदोन दिवसांत पृष्ठभागाजवळचे औषध भसकन बाहेर येते आणि नंतरचे आतच नासते. डब्याला विरघळवणारी प्रक्रियाच शिदोरी खराब करत होती. २००० मध्ये श्वेन्डेमन आणि सहकाऱ्यांनी गोलात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळून हे आम्ल शमवता येते, असे दाखवले. पोटातील आम्लपित्तावर घेतात, तेच द्रव्य.

१७/
त्याआधीच अल्कर्मीजने वेगळी वाट धरली होती. कोरडे प्रथिन ताठ असते. पाणी नसले, तर ते सहजी उलगडत नाही. मग पाणीच का वापरायचे? त्यांनी संप्रेरकाची कोरडी भुकटी पॉलिमरच्या द्रावणात मिसळली आणि तिचे तुषार द्रव नायट्रोजनवर सोडले. प्रत्येक थेंब क्षणात गोठला. खाली गोठलेले इथेनॉल होते. तापमान उणे ८० अंशांच्या आसपास आणल्यावर ते वितळले आणि त्याने गोलातला द्रावक हळूहळू ओढून घेतला. घुसळण टळली, पाण्याची सीमा टळली, उष्णताही टळली.

१८/
आणखी एक युक्ती शरीराकडूनच घेतली गेली. १९९१ मध्ये जेनेन्टेकच्या संशोधकांनी दाखवले, की जस्ताच्या साहाय्याने वाढीच्या संप्रेरकाचे दोन रेणू जोडीने बांधले जातात. पीयूषिका ग्रंथीत त्याचा साठा अशाच रूपात होत असावा. जस्तात बांधलेले संप्रेरक कमी विरघळते आणि अधिक टिकते. हेच सूक्ष्मगोलांत भरण्यात आले. १९९६ मध्ये माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले : एक इंजेक्शन, परिणाम महिनाभर. डिसेंबर १९९९ मध्ये न्यूट्रोपिन डेपोला अमेरिकेत मान्यता मिळाली. घडी न मोडता एक खरेखुरे प्रथिन विरघळणाऱ्या डब्यात बसले होते.

१९/
मात्र विज्ञानाने सोडवलेला प्रश्न कारखान्यात आणि दवाखान्यात नव्याने उभा राहिला. सूक्ष्मगोल उकळून निर्जंतुक करता येत नाहीत. द्रव नायट्रोजनपासून कुपीपर्यंत सारे काही निर्जंतुक वातावरणातच करावे लागते. मुलांना टोचावी लागणारी मात्रा मोठी. टोचलेल्या जागी गाठी, लाली आणि वेदना हे नेहमीचे. पहिल्या दिवसांतला भसका पूर्णपणे गेला नव्हता. शेजारीच रोजचे संप्रेरक बारीक सुयांच्या पेनांतून मिळत होते. निर्मिती आणि विक्री यांसाठी लागणारी साधनसामग्री फार मोठी असल्याचे कारण देऊन कंपन्यांनी २००४ मध्ये हात आखडता घेतला. महिन्याच्या सुईला सरावलेली मुले पुन्हा दुसऱ्या उपचारांकडे वळली.

२०/
याच डब्यावर आणखी एक, कितीतरी मोठी आशा होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये जगात ७ लाख ८७ हजार नवजात बालके धनुर्वाताने दगावली. गरोदर स्त्रीला लशीच्या दोन मात्रा किमान चार आठवड्यांच्या अंतराने मिळाल्या, तर बाळ वाचते. पण गावापासून दूरच्या केंद्रावर ती दुसऱ्यांदा येईलच, याची खात्री कोणी द्यायची? १९९० मध्ये सुरू झालेल्या बाल-लस उपक्रमाने यासाठी सूक्ष्मगोलांकडे पाहिले. काही गोल लगेच विरघळणारे, काही उशिरा : एकाच सुईत पहिली मात्रा आणि दुसरीही. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतही गुरसरण प्रसाद तलवार यांच्या काळात अशा गोलांवर काम झाले. तिथल्या घटसर्पाच्या लशीवरील निबंधाचे वर्ष १९९१.

२१/
इथेही प्रथिनाने दगा दिला. लशीतले द्रव्य म्हणजे फॉर्मल्डिहाइडने निर्विष केलेले प्रथिन. १९९५ मध्ये श्वेन्डेमन, कॉस्टँटिनो, क्लिबानोव्ह आणि लँगर यांनी त्यामागचे रसायन दाखवले : ओलावा आणि शरीराएवढी उष्णता मिळाली, की या लशीचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात. म्हणजे दुसऱ्या मात्रेची वेळ येईपर्यंत गोलाच्या आतली लस बरीचशी निकामी. १९७६ मध्ये ज्यांनी दार उघडले, त्यांच्याच नावाच्या निबंधाने आता दारापलीकडची दरी मोजून दाखवली. एका सुईची धनुर्वाताची लस सर्वसामान्यांपर्यंत कधीच पोहोचली नाही.

२२/
तरीही बालके वाचली. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. हे घडले ते जुन्याच लशीने, जुन्याच दोन सुयांनी. स्वच्छ बाळंतपणाने, दवाखान्यातल्या प्रसूतींनी, आणि गरोदर बाईला दुसऱ्या मात्रेसाठी घरी जाऊन बोलावणाऱ्या परिचारिका व आशा सेविकांनी. सूक्ष्मगोल ज्या दुसऱ्या फेरीची गरज संपवणार होते, ती फेरी माणसांनी पायी केली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ही नोंद सहसा येत नाही, यायला हवी.

२३/
रोजच्या सुईचे काय झाले? वाट बदलली. प्रथिन डब्यात ठेवण्याऐवजी रेणूलाच असे रूप देण्यात आले, की तो रक्तात अधिक काळ टिकावा. २०२१ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे वाढीचे संप्रेरक मान्य झाले. त्यात संप्रेरकाला एक वाहक रेणू जोडलेला असतो आणि तो सावकाश सुटतो. सूक्ष्मगोल मात्र संपले नाहीत. ल्यूप्रोलाइडसारख्या छोट्या माळांसाठी ते आजही वापरात आहेत. २०१७ मध्ये लँगर यांच्या प्रयोगशाळेने पीएलजीएचे झाकणबंद, सूक्ष्म प्याले बनवले : आधी डबा घडवायचा, मग त्यात लस भरायची, मग झाकण लावायचे. घुसळण नको, द्रावकाचा स्पर्श नको. म्हणजे स्वप्न अजून जागे आहे.

२४/
टाक्यांचा धागा, प्रोस्टेटचे औषध, मुलांचे संप्रेरक, नवजातांची लस : चारही ठिकाणी पॉलिमर तोच होता. ९ अमिनो आम्लांच्या रेणूवर मिळालेले यश १९१ अमिनो आम्लांच्या रेणूलाही लागू होईल, असे जगभरच्या प्रयोगशाळांनी धरून चालले, आणि त्या एका गृहीतकाची किंमत मोजण्यात पंधरा-वीस वर्षे गेली. ती वाया गेली असे म्हणता येणार नाही. प्रथिन कुठे, कसे आणि का मोडते, हे जगाला बऱ्याच अंशी त्या वर्षांतच कळले. न्यूट्रोपिन डेपोची कुपी आज औषधाच्या दुकानात मिळत नाही. तिने शिकवलेला धडा मात्र नवा डबा घडवणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी गिरवावा लागतो : डबा कसा विरघळेल हे नंतर पाहा, आतल्या वस्तूला काय सोसेल हे आधी विचारा.

(समाप्त)